कोरी स्लाईड

१

कोऱ्या स्लाईडवर एक तपकिरी ठिपका होता.

एवढंच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? म्हणून आधी काम सांगते.

आमची प्रयोगशाळा कॅन्सरवर संशोधन करणारी. इमारतीच्या तळघरात तीन खोल्या, एकीलाही खिडकी नाही, ट्यूबलाईट कायम चालू. रुग्णांच्या अंगातून काढलेल्या गाठी मेणात बसवून आमच्याकडे येतात. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. मामा त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेच्या स्लाईडवर चढवतात. मामा कुणाचे मामा नव्हेत. तीस वर्षं इथे काप काढतायत, म्हणून सगळ्यांचे मामा. पुढचं काम माझं. मी त्या कापांना अँटिबॉडी लावते. अँटिबॉडी म्हणजे हजारो प्रथिनांच्या गर्दीत एकालाच ओळखून त्यालाच जाऊन चिकटणारं द्रव्य. आमची अँटिबॉडी ज्याला ओळखते ते प्रथिन पेशीत एरवी जवळजवळ नसतंच. पेशी एकाची दोन व्हायच्या तयारीला लागली की ते साठू लागतं. ते असेल तिथे शेवटी तपकिरी रंग चढतो, बाकीचं निळं राहतं. तपकिरी ठिपके मोजायचे आणि गाठ किती घाईत आहे ते लिहायचं.

रोजच्या गठ्ठ्याबरोबर दोन स्लाईड परीक्षेच्या असतात. दोन्ही एकाच, कॅन्सर नसलेल्या टॉन्सिलच्या. टॉन्सिलमध्ये थोड्या पेशी नेहमीच दोन व्हायच्या बेतात असतात, म्हणून पहिलीवर तपकिरी यायलाच हवं. नाही आलं तर अँटिबॉडी बिघडली. दुसरीला सगळे सोपस्कार तेच, फक्त अँटिबॉडी घालायची नाही. तिला आम्ही कोरी म्हणतो. कोरी निळीच निघाली पाहिजे. तिच्यावर काही दिसलं की त्या दिवसाचं सगळं काम केरात.

त्या सोमवारी कोरीच्या मधोमध एक पेशी तपकिरी होती. पुसट नव्हे. गडद, गोल, काठ नीट असलेली. मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. मग मामांना बोलावलं. मामा मला दचकी म्हणतात, कारण मागून कुणी नुसतं खाकरलं तरी माझ्या हातातलं पिपेट, थेंब मोजायची नळी, खाली पडतं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की धूळ आहे, दचके, धुळीला घाबरलीस तर संसार कसा करशील.

धूळ नव्हती. धुळीच्या आत पेशीचं केंद्रक दिसत नाही.

२

सरांना दाखवलं. सर आमचे प्रमुख. मितभाषी माणूस, ओरडत नाहीत, पण त्यांच्या नुसत्या 'हं'वर मी केलेलं काम पुन्हा करायला घेते. ते म्हणाले, पेरॉक्साईड जुनं झालं असेल, बाटली बदला. ते बरोबरच होतं. टिश्यूमध्ये, म्हणजे अंगातून काढलेल्या तुकड्यात, मुळातच असलेल्या काही गोष्टी रंग धरतात, त्यांना आधी पेरॉक्साईडने गप्प करावं लागतं. मी बाटली बदलली. पिपेटची टोकं बदलली. अँटिबॉडीची कुपी नुकतीच नवी फोडली होती, ती कोरीपासून चार हात लांब ठेवली.

मंगळवारची कोरी आली. पाच ठिपके.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी सोमवारची स्लाईड पुन्हा काढली. ठिपक्याभोवती मी काचेवर पेनाने गोल केला होता. गोलात आता तीन होते.

इथे जरा समजून घ्यायला हवं. सोमवारची स्लाईड तयार झालेली स्लाईड होती. वर डिंकाने काच चिकटवलेली, डिंक वाळलेला. आतल्या पेशी दोन वर्षांपूर्वी फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या, अल्कोहोलमध्ये सुकवलेल्या, मेणात गोठवलेल्या, सुरीखाली चिरलेल्या आणि वर उकळून काढलेल्या. त्यांच्यात काही बदलणं म्हणजे टेबलाच्या पायाला पालवी फुटणं.

मी स्वतःला समजावलं की काल घाईत दोन नजरेतून सुटले. त्या दिवसापासून फोटो काढायला लागले, कारण माझ्या नजरेवर माझाच भरवसा नाही. बुधवारी गोलात नऊ. गुरुवारी बावीस. शुक्रवारी मोजायचं सोडलं. मंगळवारच्या स्लाईडवरही तेच चाललं होतं.

फोटो घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ते ओळीने पाहिले आणि म्हणाले, धुतलं नीट गेलं नसेल, उरलेला रंग सावकाश चढत राहतो. असं होतं का, मी विचारलं. "होऊ शकतं," ते म्हणाले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं की ब्लॉक कुणाचा आहे.

मी नंबर सांगितला. जुना आहे म्हटलं.

"टाकून द्या. दुसरा घ्या. विषय संपला."

दुसऱ्या टॉन्सिलचा ब्लॉक घेतला. तीच कुपी, तेच हात, तीच मी. कोरी स्वच्छ निळी. प्रयोगशाळेच्या दृष्टीने विषय खरंच संपला. जुना ब्लॉक मात्र मी टाकला नाही. रुमालात गुंडाळून माझ्या खणात ठेवला.

३

तो ब्लॉक माझ्या ताईचा होता.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, ताई एकोणीसची. तिने शिक्षण सोडून शिवणाचं यंत्र घेतलं आणि मला कॉलेजात घातलं. अजूनही ती एकटीच राहते, कपडे शिवते. माझ्या एका फीच्या रकमेसाठी तिने काय काय शिवलं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला दुसरं कुणी नाही. तिलाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. मी नुकतीच नोकरीला लागलेले, आणि आमच्याकडचं परीक्षेचं टॉन्सिल संपत आलेलं. सगळे शोधत होते. मला वाटलं, आपण आणून दिलं तर चार शब्द बरे बोलतील. ऑपरेशनच्या खोलीतल्या नर्सला विनवून मी ती दोन गुलाबी बोंडं डबीत घेतली. नियमाप्रमाणे ज्याचं टिश्यू त्याची सही लागते. ताईची सही मी केली. मामांनी विचारलं नाही, कापायला घेतलं.

शुद्धीवर आल्यावर ताईने घशातल्या घशात विचारलं होतं, "टाकलं ना गं ते? आपला तुकडा कुठेतरी पडून आहे म्हटलं की मला कसंतरीच होतं."

"जाळून टाकतात, ताई," मी म्हटलं होतं.

म्हणजे सरांनी ब्लॉक कुणाचा विचारलं तेव्हा मी काय सांगणार होते? आणि टाकणार तरी कशी? आमच्याकडे टाकलेलं सगळं भट्टीत जातं. सोमवारपर्यंत मी बिनदिक्कत टाकला असता. आता भीती वाटत होती, आणि कशाची ते स्वतःशीसुद्धा बोलायची सोय नव्हती.

शनिवारी ताईला फोन केला. ती नेहमीसारखीच होती, जेवलीस का, खोकला गेला का. बोलता बोलता म्हणाली की राखाडी कापडाचा एक कोट शिवला स्वतःसाठी, इतका छान बसला की तसाच अजून एक शिवला. मी म्हटलं, दोन सारखे कशाला? ती म्हणाली, एक अंगात, एक धुण्यात. त्यात काय चुकीचं आहे? काहीच नाही. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास खुर्चीतून उठले नाही.

४

रविवारी बसने तिच्याकडे गेले. दीड तास लागतो.

दाराशी चपलांचे दोन जोड होते, एकाच रंगाचे, एकाच मापाचे. मी पाहुणे आलेत का विचारलं. ताई हसून म्हणाली, तूच काय ती पाहुणी. ती जाडावली होती. दोन महिन्यांत इतकं कुणी जाडावत नाही. चेहरा तोच, मनगटं तीच, पण चालताना मध्येच थांबायची, आपला तोल कुठे आहे ते चाचपून पाहिल्यासारखी.

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी चोरासारखी घर पाहून घेतलं. खिळ्यावर दोन राखाडी कोट, एकावर एक. मोरीत दोन दात घासायचे ब्रश, दोन्ही ओले. आरशापुढे दोन कंगवे. यंत्रापाशी दोन कात्र्या, दोन अंगुस्तानं. खिडकीत दोन चष्मे घडी करून ठेवलेले. मी एक लावून पाहिला, मग दुसरा. एकाच नंबरचे.

ती जेवली, आणि मी ताट उचलणार तोच पुन्हा तेवढंच वाढून घेऊन जेवू लागली. मी न राहवून विचारलं, हे सगळं दोन दोन कशाला, ताई?

मला वाटलं ती थट्टा करील. ती घासातच थांबली. कपाळाला आठी पडली, हिशेब चुकलेल्या माणसाला पडते तशी.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "दुकानात गेलं की एक घेऊन निघवतच नाही."

पेशी दोन व्हायच्या आधी काय करते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ती आपल्याजवळचं सगळं दुप्पट करते. आधी गुणसूत्रं, मग बाकीचं सामान, म्हणजे वाटणी होताना कुणाला काही कमी पडायला नको. त्यासाठी ती खाते आणि फुगते. मी तिथे ताटापुढे बसून हे सगळं आठवत होते आणि स्वतःला बजावत होते की माणूस म्हणजे पेशी नव्हे. थायरॉईडने वजन वाढतं. एकटं राहून माणूस विसरभोळा होतो आणि तीच वस्तू पुन्हा आणतो. याला कारणं आहेत, हवी तितकी आहेत.

दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली. मी पाणी प्यायला उठले आणि दारातून सहज आत पाहिलं. भिंतीकडे तोंड करून, शाल डोक्यावरून घेऊन ती झोपली होती. शालीच्या मधोमध एक पन्हळ पडली होती, डोक्यापासून पायांपर्यंत सरळ. पन्हळीच्या अलीकडे एक उंचवटा, पलीकडे एक. दोन्ही वरखाली होत होते. एका लयीत नव्हे. अलीकडचा वर जायचा तेव्हा पलीकडचा खाली यायचा.

माझा धक्का लागून गुंड्यांचा डबा जमिनीवर आदळला. शाल गोळा झाली आणि ताई उठून बसली, केस विस्कटलेली, एकटी. तिच्या पलीकडे लोड होता. लोड श्वास घेत नाही हे मला कळतं, पण पंखा चालू होता आणि पंख्याखाली शाल हलणारच.

"भित्री भागूबाई," ती म्हणाली. "काय पाहिलंस एवढं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती वाकून माझ्याबरोबर गुंड्या गोळा करायला लागली, आणि मी मान खाली घालून तेच करत राहिले. निघताना तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की मंगळवारी ती डॉक्टरकडे जाईल.

मंगळवारी ती जाऊन आली. फोनवर हसत हसत सांगत होती. रक्त घेतलं, वजन घेतलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डावीकडे ऐकलं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नळी बिघडली म्हणून दुसरी आणायला आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी कंटाळून मी निघून आले, ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू.

५

बुधवारी मी जुन्या पेट्या उघडल्या.

ताईच्या ब्लॉकवरून दोन वर्षांत काढलेल्या कोऱ्या स्लाईडपैकी एकोणसत्तर आम्ही नमुन्याला ठेवून दिल्या होत्या. त्यातल्या बहुतेक नवी कुपी येण्याच्या कितीतरी आधीच्या. काही तर दुसऱ्याच कंपनीच्या अँटिबॉडीबरोबर चढवलेल्या. त्या त्या दिवशी त्या निळ्या होत्या, तशी माझ्याच अक्षरात नोंद आहे.

एकोणसत्तरच्या एकोणसत्तर तपकिरी होत्या.

एखाददुसरा ठिपका नव्हे. काठापासून काठापर्यंत प्रत्येक पेशी गच्च भरलेली. मायक्रोस्कोपखाली त्या अशा दिसत होत्या की सगळ्या जणी दम रोखून एकाच क्षणाची वाट पाहतायत. खोलीत फ्रीजची घरघर तेवढी होती. ती थांबली तेव्हा मला जाणवलं की मीही श्वास घेत नाहीये.

मामा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. मी दचकले नाही, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. त्यांनी डोळा लावला. मग उघड्या खणातला रुमाल त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी तो उघडला आणि ब्लॉक तळहातावर घेतला. तीस वर्षं ब्लॉक हाताळणाऱ्या माणसाला वजन कळतं. शेकडो काप निघालेल्या ब्लॉकमध्ये टिश्यू पापुद्र्याएवढं उरतं. मेणाच्या पृष्ठभागावर आता ते किंचित वर आलेलं दिसत होतं, पावासारखं फुगून.

मामांनी ब्लॉक पुन्हा रुमालात ठेवला आणि हात कोटाला पुसले, पुसतच राहिले.

"कुणाचा आहे हा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की तिला सांग. भट्टीत टाकायचं की ठेवायचं हे तिने ठरवायचं, तिचं आहे. आणि मग, जिन्याकडे जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाले की मी असतो तर आजच सांगितलं असतं.

मी म्हटलं, उद्या सांगते. ही गोष्ट फोनवर बोलायची नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण भित्रेपणा होतं.

६

आज गुरुवार. सकाळी आल्या आल्या कोट घालायच्या आधी मी पहिली पेटी काढली.

पहिली स्लाईड निळी. दुसरी निळी. मी भराभर लावत गेले, एकोणसत्तर. तपकिरी कुठेच नाही, काठालासुद्धा डाग नाही. त्या पहिल्या सोमवारच्या स्लाईडवर पेनाने केलेला गोल होता तसाच, आत स्वच्छ निळं.

मामांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर रंग परत आला. सुटलीस, म्हणाले, गेलं एकदाचं, आता जेव नीट. सरांनीही येता येता एक स्लाईड पाहिली आणि 'हं' केलं, पण या वेळी चांगल्या अर्थाने. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मीही हसले. पाचेक मिनिटं हसत होते.

मग पुन्हा डोळा लावला. निळ्या पेशी ओळीने बसलेल्या होत्या, पण कालच्यासारख्या नव्हेत. लहान होत्या. आणि सुट्ट्या नव्हत्या. दोन दोन होत्या, पाठीला पाठ लावून, प्रत्येक ठिकाणी दोन दोन.

हे प्रथिन साठतं कधी ते सगळ्यांना आठवतं. ते जातं कधी हे मामांना शिकवलेलं नाही, आणि सरांनी स्लाईड नीट पाहिली नाही. ते हळूहळू कमी होत नाही. पेशी त्याला एका झटक्यात मोडून टाकते, कारण त्याचं काम झालेलं असतं. ते नाहीसं होतं याचा अर्थ तयारी रद्द झाली असा नसतो. तयारी पुरी झाली असा असतो.

तळघरात फोनला रेंज येत नाही. मी जिना चढून वरच्या वळणावर आले, जिथे एक जाळीची खिडकी आहे आणि बाहेरच्या माणसांचे नुसते पाय दिसतात. सकाळचे दहा वाजत आले होते. या वेळी ताई यंत्रावर असते. फोन गळ्यात अडकवलेल्या पिशवीत असतो, आणि तिसऱ्या घंटीच्या आत ती उचलते, कारण मी उगाच काळजी करते हे तिला माहीत आहे.

घंटी वाजत राहिली आणि बंद झाली.

अंघोळीला गेली असेल. पुन्हा लावला. कापड आणायला गेली असेल, रस्त्यावर ऐकू येत नसेल. पुन्हा लावला. मनाशी वाक्य जुळवत होते, नुसतं एक वाक्य, ते सांगितलं की बाकीचं आपोआप बाहेर पडेल. चौथ्यांदा चुकून दुसराच नंबर दाबला गेला. एका अनोळखी माणसाने त्रासून विचारलं कोण हवंय, आणि मला त्याला 'माझी ताई' असं सांगावंसं वाटलं.

पाचव्यांदा लावला. घंटी आठ वेळा वाजली. नववी अर्ध्यात तुटली.

कुणीतरी उचलला होता. पलीकडे श्वास ऐकू येत होता, यंत्राचा आवाज नव्हता. मी थांबलेच नाही. थांबले असते तर पुन्हा राहून गेलं असतं. "ताई, मी तुझ्याशी खोटं बोलले. ते जाळलं नव्हतं. माझ्याकडे आहे, दोन वर्षं माझ्याकडेच आहे. तू बरी आहेस ना?"

मग ताईचा आवाज आला. तिचाच, शंकाच नको, तोच घोगरा शेवट असलेला. पण एकेक शब्द उचलून, वजन बघून ठेवल्यासारखा.

"कोण बोलतंय?"

आणि मग, खोलीच्या आतल्या बाजूने, जरा लांबून, थकलेला, मायेचा, तोच आवाज पुन्हा आला.

"दे इकडे. ती लगेच घाबरते."